पाऊण हजेरीचं गणित

२ सप्टें., रवि.

सकाळी सातवी स्कॉलरशिपची बॅच. शेकडेवारी सुरू केली. सईने विचारलं, "बाई, बॅट्समनने पहिल्याच बॉलला फोर मारली की टीव्हीवर स्ट्राइक रेट चारशे दाखवतात. पन्नास बॉल खेळून झाल्यावर मारली तर आकडा जेमतेम हलतो. फोर तर तेवढीच ना?"

उत्तम प्रश्न. पाहिलेलं सगळ्यांनी असतं, विचारत कोणी नाही. फळ्यावर मांडलं. एका चेंडूत चार, म्हणजे शंभराला चारशे. पन्नास चेंडूंत पन्नास, म्हणजे शंभर. त्यावर चौकार मारला की एकावन्न चेंडूंत चोपन्न, म्हणजे एकशे सहाच्याही आत. धावा वरच्या आकड्यात पडतात हे सगळ्यांना दिसतं. त्यासाठी खर्ची पडलेला चेंडू खालच्या आकड्यात पडतो, तिकडे लक्ष जात नाही. आणि खालचा आकडा एकदा मोठा झाला की त्याला हलवणं जड जातं. म्हणून शेकडेवारीत पहिला प्रश्न हा: एकूण तेवढंच राहिलं का? पंधरा मिनिटं जास्त घेतली. मुलं उठायला तयार नव्हती, मीही नव्हते.

रात्री जेवताना मुक्ता सहज म्हणाली की कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी हजेरीचे आकडे बोर्डावर लावले आहेत. तिची साठ टक्के. चाळीस लेक्चर झाली, ही चोवीसला हजर. पंचाहत्तर टक्के नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझा आमटीचा डाव हवेतच राहिला. ती निवांत. चाळीसचे पंचाहत्तर टक्के तीस, आपली चोवीस, म्हणजे सहा लेक्चर बसायचं.

"दीड आठवड्याचं काम आहे मावशी. तू काऊन टेन्शन घेऊन राहिली?"

चार वर्षं कोथरूडमध्ये माझ्याकडे राहून अकोला तोंडातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये. पण सकाळी मी जे शिकवलं नेमकी तीच चूक! आणि हीच मुलगी ऑगस्टमध्ये कंपनीच्या अॅप्टिट्यूड परीक्षेत शेकडेवारीची सगळी गणितं बरोबर सोडवून नोकरी घेऊन आलेली. मी म्हटलं, तू सहा लेक्चर बसशील तोवर झालेली लेक्चर चाळीस राहतील का? सेहेचाळीस होतील. त्यात तीस म्हणजे पासष्ट टक्के.

तिचा घास थांबला.

३ सप्टें., सोम.

शांतपणे सोडवलं. अशा गणितात जे बदलत नाही ते आधी शोधायचं. हजेरी बदलणार, एकूण लेक्चर बदलणार. गैरहजेरी मात्र सोळा. ती पुसता येत नाही, आणि इथून पुढे एकही चुकवलं नाही तर वाढणारही नाही. पंचाहत्तर टक्के हजर म्हणजे पंचवीस टक्के गैरहजर. सोळा हे कशाचे पंचवीस टक्के? चौसष्टचे. म्हणजे आणखी चोवीस लेक्चर व्हायला हवीत, आणि चोवीसच्या चोवीस तिने बसायला हवं.

टर्म ६ ऑक्टो.ला संपते. आठवड्यात सोम, बुध, गुरु, शुक्र. उरली वीस.

सगळी बसली तरी साठात चव्वेचाळीस. त्र्याहत्तर आणि काहीतरी. पुन्हापुन्हा करून पाहिलं, जणू माझी बेरीज चुकली तर बरं.

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे तिने जास्त शिकून उपयोग नाही. सरांनी जास्त शिकवायला हवं. कळवलंस का त्यांना?"

चेष्टाच. पण उत्तर तेच आहे.

४ सप्टें., मंगळ.

सोळा कुठून आल्या ते विचारलं. आठ जुलैतल्या काविळीत, आठ दुसऱ्या कॉलेजांत मुलाखतींना गेली तेव्हा. एकही उनाडकीत नाही. ती असती तर निदान रागावता आलं असतं.

कंपनीचं पत्र पुन्हा वाचलं. जूनमध्ये रुजू व्हायचं, त्याआधी सगळे विषय पास झालेले हवेत. परीक्षेलाच बसू दिलं नाही तर पत्राला अर्थ नाही. निशाचा, मुक्ताच्या आईचा, अकोल्याहून फोन. भाऊजींनी ऑफिसात पेढे वाटले, मुलगी पुण्यात आयटीत लागली म्हणून. "ताई, पोरीकडे लक्ष आहे ना तुझं?" म्हटलं, आहे. हजेरीचं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

५ सप्टें., बुध.

शिक्षकदिन. बॅचला सुट्टी देऊन वाघोलीला मुक्ताच्या कॉलेजात गेले. दोन बस बदलून पावणेदोन तास. मुलगी हे रोज करते.

कंट्रोल सिस्टिम्सचे देसाई सर भेटले. कोरडे, पण बसा म्हणाले. काविळीचं सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी हातही लावला नाही.

"बाई, शंभरातले पंचवीस आजारपणासाठीच सोडलेले आहेत. मुलं ते आधी सिनेमाला वापरतात आणि मग आजारी पडतात."

ती सिनेमाला गेली नव्हती असं मी म्हटलं. तेही मान्य, पण नियम माणूस बघून बदलत नाही, म्हणाले. मग मी सोळा आणि चौसष्टचं मांडून दाखवलं. पहिल्यांदाच चष्मा काढला. गणित बरोबर आहे म्हणाले, आणि ज्यादा लेक्चर ते घेणारच आहेत: पोर्शन मागे पडलाय. शनिवारी, ८, २२, २९ आणि ६ ला. १५ ला गणेश चतुर्थी म्हणून नाही.

चार. वीस आणि चार.

निघताना एक ताकीद. रिकाम्या वर्गात ते शिकवत नाहीत आणि ते लेक्चर मांडतही नाहीत. पण एक विद्यार्थी जरी आला तरी पूर्ण लेक्चर, पूर्ण हजेरी. न आलेले सगळे गैरहजर.

येताना बसमध्ये जागा मिळाली तरी पाठ टेकवली नाही. चोवीस हवीत, चोवीस आहेत. एकही जास्त नाही.

८ सप्टें., शनि.

पाच झाली. पंचेचाळीसात एकोणतीस, म्हणजे ६४.४. मुक्ता वैतागली. "एवढं रोज पहाटे उठून चारच टक्के?" सईच्या चौकाराचं सांगितलं. पटलं, बरं वाटलं नाही.

ज्यादा लेक्चर म्हणून अख्खा वर्ग सरांवर चिडलेला. ही एकटी मनातून खूष, आणि तसं दाखवायची चोरी.

१४ सप्टें., शुक्र.

एकोणपन्नासात तेहेतीस. ६७.३.

सरांचा घसा बसला आहे म्हणे. वर्गात आनंद. आमच्या घरात नाही. त्यांनी एक दिवस रजा घेतली तर त्रेसष्टात सत्तेचाळीस, म्हणजे ७४.६. मुक्ताने धीर करून त्यांना विचारलं की ७४.६ चे ७५ धरतात का. म्हणाले, "धरू. मग ७४.१ चेही धरू. मग मोजायचंच कशाला?"

तिच्याबरोबर ज्येष्ठमधाच्या कांड्या पाठवणार होते. ह्यांनी अडवलं. "लाच म्हणतील. तीही चघळायची."

२२ सप्टें., शनि.

चोपन्नात अडतीस. ७०.४. सत्तरी ओलांडली.

नवी काळजी बुधवारची. मंगळवारी विसर्जन, मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते, रस्ते बंद. इथून वाघोलीची पहिली बस कधी सुटेल कोण सांगणार? कॉलेज मात्र चालू.

सायंकाळी पल्लवी आली, मुक्ताच्या वर्गातली. काविळीत हिच्या वह्या लिहून घेऊन स्कूटीवरून इथवर यायची तीच. दारातूनच म्हणाली, "मावशी, मंगळवारी हिला आमच्यात पाठवा. घर कॉलेजच्या मागंच हाय. सकाळी दोघी चालत जाऊ."

किती सहज सोडवलं. मी आठवडाभर नकाशा घेऊन बसले होते.

२६ सप्टें., बुध.

लेक्चर झालं. साठांतली अकरा मुलं आली, त्यात या दोघी. मुक्ता सांगत होती की पल्लवीच्या आईने पहाटे उठून भाकरी, पिठलं केलं, अधूनमधून पोट दाबून बसत होती. विचारलं तर म्हणाली, "व्हतंय असं. तू खा."

२९ सप्टें., शनि.

एकोणसाठात त्रेचाळीस. ७२.९. पाच उरली. आता झोप लागायला हवी, पण उलटंच होतं आहे. वीस होती तेव्हा एखाद्याची चूक खपेल असं वाटायचं, खपणार नव्हतीच तरी.

पल्लवीच्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. ४ ला दाखल करायचं, ५ ला ऑपरेशन. वडील नाहीत, भाऊ लहान. शनिवारी गावाहून मामी येईपर्यंत पल्लवीलाच थांबावं लागणार. गुरु आणि शुक्र, दोन लेक्चर.

मी लगेच विचारलं, तिची हजेरी किती? मुक्ताने माझ्याकडे असं पाहिलं की शरम वाटली. पण विचारायला हवंच होतं. गैरहजेरी पंधरा आहे. वरचेवर आईला दवाखान्यात नेण्यात गेलेली.

३ ऑक्टो., बुध.

एकसष्टात पंचेचाळीस. ७३.८. आणि जे व्हायला नको होतं ते झालं.

दुपारी वर्गाने ठरवलं, उद्या आणि परवा मास बंक. कोणीही जायचं नाही. सर रिकाम्या वर्गाचं लेक्चर मांडत नाहीत, म्हणजे पल्लवीचं काही बुडणार नाही. साठच्या साठ जणांनी हो म्हटलं. मुक्तानेही.

मी ताबडतोब मांडलं. ज्याची भीती वाटते ते मांडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन्ही लेक्चर झाली, तर शनिवारअखेर एकूण चौसष्ट. मुक्ता अठ्ठेचाळीस, बरोबर पंचाहत्तर. पल्लवी सत्तेचाळीस, ७३.४. गेली. दोन्ही झाली नाहीत, तर एकूण बासष्ट. पल्लवी सत्तेचाळीसच, पण ७५.८. सुटली. मुक्ता सेहेचाळीस, ७४.२. गेली. पल्लवीचे सत्तेचाळीस दोन्हीकडे तेच; फक्त खालचा आकडा हलला.

आणि एकच झालं तर? त्रेसष्टात दोघींचे सत्तेचाळीस. ७४.६. दोघीही गेल्या.

मी म्हटलं, तू जायला हवंस. म्हणायला नको होतं, पण म्हटलं. निशाचा चेहरा, पेढे, ते पत्र, सगळं एकदम आठवलं.

मुक्ता म्हणाली, "मावशी, त्या बाईने पोट धरून मला भाकर करून घातली. मी एकटी वर्गात जाऊन बसू? साठ जणांत एकटी?"

मी म्हटलं, पल्लवीला तुझं गणित माहीत आहे का?

"माहीत आहे. तीच म्हणाली, तू जा, तुझी नोकरी हाय, माझं बघू. हसून म्हणाली. म्हणून तर जाता येत नाही ना."

हे उठून तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. चेष्टा केली नाही. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट.

४ ऑक्टो., गुरु.

पहाटे जाग आली ती एका विचाराने. मी इतका वेळ चौसष्ट हा आकडा टर्मच्या शेवटाशी बांधून ठेवला होता. चौसष्ट व्हायला हवीत, हे खरं. ती शनिवारीच व्हायला हवीत, हे कोणी सांगितलं? ही दोन झाली नाहीत, पण रविवारी सरांनी दोन घेतली, तर एकूण पुन्हा चौसष्ट. मुक्ता अठ्ठेचाळीस, पंचाहत्तर टक्के. पल्लवी एकोणपन्नास, ७६.६. दोघी बसतात! उठून दिवा लावून पुन्हा तपासलं. बरोबर आहे. फक्त रविवारी अख्ख्या वर्गाने यायला हवं, नाहीतर काठावरचं तिसरंच कोणी बुडेल. पल्लवीसाठी जो वर्ग घरी बसतो तो मुक्तासाठी येईल का, ते मला माहीत नाही.

मुक्ताला सांगेपर्यंत ती तयार होऊन चप्पल घालत होती. ऐकलं. डोळे चमकले, मग विझले. "सर कशाला घेतील?" सॅक पाठीला लावली. कॉलेजला चाललीस की हॉस्पिटलला, असं विचारलं. "बसमध्ये ठरवते." दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

साडेसातला सरांच्या घरी फोन केला. रविवारी दोन लेक्चर घेता येतील का, एवढंच विचारलं. सर म्हणाले, रविवारी शिपाई नसतो, वर्गाची किल्ली ऑफिसात, आणि हजेरीचं मस्टर शनिवारी वर जातं. मग एकदम थांबले.

"दोनच का? नेमकी दोन?"

मी गप्प. खरं सांगितलं तर साठ मुलांचा बेत मी फोडला असता. खोटं मला सुचत नाही.

"बाई, तुम्ही गप्प बसलात. हे उत्तरच झालं."

आता रिकाम्या वर्गाचीही हजेरी मांडायची असं त्यांनी ठरवलं तर? पल्लवी माझ्यामुळे जाईल. आणि मुक्ता वर्गात नसेल तर तीही. म्हटलं, सर, कृपा करून... पुढे काय म्हणायचं ते सुचेना. ते म्हणाले, "बघतो." फोन ठेवला. रागाने की कसा, कळलं नाही. एवढी वर्षं मुलांना सांगत आले की गणितात विधान अर्धवट सोडू नये.

दहाला लेक्चर होतं. आता साडेतीन. मुक्ताचा मोबाइल बंद. लेक्चरमध्ये बंद ठेवतात, हॉस्पिटलमध्येही ठेवतात. निशाचे दोन मिस्ड कॉल. ह्यांनी न विचारता चहा करून आणून ठेवला, निवला.

चारला बॅच येईल. शिकवायला हवं, आणि खरं सांगायचं तर शिकवायला मिळतं आहे हे बरं. पाटीपेन्सिल नको, आज हातानेच करून पाहू दे. शिवणाच्या डब्यातली बटणं काढून ठेवली आहेत.

तीन लाल आणि एक पांढरं मांडा. चारांत तीन, म्हणजे पंचाहत्तर टक्के लाल. आता त्यात एकच पांढरं टाका. पुन्हा पंचाहत्तर टक्के लाल करायला किती लाल लागतील, ते बटणांना हात न लावता आधी मनात ठरवा. मग एकेक लाल टाका, आणि दर वेळी सगळी बटणं पहिल्यापासून मोजा. मनातला आकडा आणि हातातला आकडा जुळतो का पाहा. आणि डब्यात तेवढी लाल शिल्लक आहेत का, तेही पाहा.